गल्ली किती अरुंद असावी?

साशंक: गोदामाचा विषय निघाला की हल्ली आधी अरुंद गल्लीची भाषा सुरू होते, आणि त्यातही कोणती फोर्कलिफ्ट घ्यायची इथपासून. मला हा क्रमच पटत नाही. आपण वर्धा जिल्ह्यातल्या जामबद्दल बोलतो आहोत. नागपूर-हैदराबाद महामार्ग क्रमांक 44 इथून हिंगणघाटकडे जातो, चंद्रपूरचा रस्ता याच चौकातून फुटतो, आणि रस्ता सोडला की दोन्ही अंगाला कपाशी, सोयाबीन, तूर. इथे भिवंडीसारखी जागेची मारामारी नाही. ज्याला जागा टोचते त्याने गल्ल्या अरुंद कराव्यात. आपण साडेतीन-पावणेचार मीटरची गल्ली ठेवू, मागे वजन असलेली साधी काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट घेऊ. ती रॅम्पवरून खाली उतरते, ट्रकमधला माल उचलते, पावसाने ओल्या झालेल्या आवारात चालते आणि गोदामातही चालते. एकच यंत्र सगळी कामं करतं. बिघडलं तर नागपूरचा कुठलाही मेकॅनिक त्याला हात लावतो. एवढी सोय सोडून अरुंद गल्लीच्या मागे का लागायचं?

आग्रही: काका, जमीन स्वस्त आहे असं आपण म्हणतो तेव्हा फक्त सातबाऱ्यावरची जमीन मोजतो. गोदामाला लागते ती छताखालची, फरशी घातलेली जमीन, आणि ती जाममध्येही स्वस्त पडत नाही. कारण पायाखाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, मे महिन्यात शेतात पाऊल जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर सरळ काँक्रीट टाकलं तर दोन-तीन पावसाळ्यांत फरशी उचलते. म्हणून काळी माती काढायची, मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून दाबायचा, मग फरशी. हा खर्च प्रत्येक चौरस मीटरला लागतो, आणि साध्या फोर्कलिफ्टला मोठी गल्ली लागते म्हणून आपण त्यातला मोठा भाग नुसता यंत्र वळवायला ठेवतो. शिवाय ती जमीन कुणाच्या तरी पिकाखालून निघते, हेही विसरू नये. आता हिशेब बघा. गोदाम 30 मीटर रुंद धरा. पॅलेट आपल्याकडची नेहमीची, 1200 बाय 1000 मिलिमीटरची. तिची मीटरभराची बाजू खोलीत घेतली, तर पाठीला पाठ लावलेल्या दोन रॅक आणि मधली फट मिळून 2.1 मीटर होतात. साध्या फोर्कलिफ्टची 3.6 मीटरची गल्ली मिळवली की 5.7. म्हणजे 30 मीटरमध्ये पाच जोड्या, दहा ओळी. फोर्क पुढे सरकवून माल उचलणारा रीच ट्रक घेतला तर गल्ली 2.8 वर येते, जोडी 4.9 ला बसते, बारा ओळी होतात. कमरेत वळणारी आर्टिक्युलेटेड फोर्कलिफ्ट दोन मीटरमध्ये काम करते. तिच्याने चौदा ओळी होतात. त्याच छताखाली, त्याच मुरुमावर दहाच्या चौदा. आणि 2017 च्या जुलैत जीएसटी आल्यापासून कंपन्यांना राज्याराज्यात छोटं गोदाम ठेवायचं कारण उरलं नाही. देशाच्या मध्यावर मोठं गोदाम हवं, असं म्हणणारा ग्राहक नागपूरच्या आसपासच जागा शोधतो. तो जागा मागताना चौरस फूट विचारत नाही, किती पॅलेट राहतील ते विचारतो.

साशंक: हिशेब चांगला मांडलात, पण शेवटची पायरी तुम्ही मांडली नाहीत, तीच मांडतो. सगळ्यात अरुंद गल्लीचं यंत्र म्हणजे टरेट ट्रक. त्याला न वळता दोन्ही बाजूंच्या रॅकमध्ये माल घालता येतो आणि 1.7 मीटरची गल्ली पुरते. जोडी 3.8 ची. 30 मीटरमध्ये किती बसल्या? सातच. आर्टिक्युलेटेडच्याही सातच होत्या. म्हणजे सर्वांत महागडं यंत्र घेतलं, गल्ली आणखी 30 सेंटिमीटरने आवळली, आणि एकही ओळ वाढली नाही. भिंतीकडेला सव्वातीन-साडेतीन मीटरची पट्टी मात्र मोकळी राहिली. यंत्राचं माहितीपत्रक गल्ली दाखवतं, ते आपल्या गोदामाची रुंदी जाणत नाही. आणि तुम्ही जी काळी माती माझ्याविरुद्ध काढली, तीच तुमच्याविरुद्ध जास्त जाते. अरुंद गल्लीचं यंत्र उंच जाण्यासाठीच घेतात, आठ-दहा मीटर तरी. त्याच्या दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटर धरा आणि मास्ट, म्हणजे फोर्क वर नेणारा उभा खांब, दहा मीटर. डावं चाक उजव्यापेक्षा एक मिलिमीटर खाली गेलं, की मास्टचं टोक आठ मिलिमीटर कलतं. तीन मिलिमीटरचा फरक पडला तर टोक 24 मिलिमीटर बाजूला. वर पॅलेट आणि रॅकचा खांब यांत मोजकीच जागा असते. म्हणून युरोपात या गोदामांच्या फरशीसाठी वेगळी मानकं केली, इंग्लंडच्या काँक्रीट सोसायटीचा टीआर 34 त्यासाठी आहे, जर्मनीचं डीआयएन 15185 आहे. तशी फरशी आज घालता येईलही. पण जिच्याखालची जमीन दर पावसाळ्यात श्वास घेते, ती पाच वर्षांनी तेवढीच सपाट राहील याची हमी कोण देतो?

आग्रही: टरेट ट्रकवर तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तो आवारातही जात नाही. त्याला गल्लीच्या तोंडाशी माल आणून द्यायला दुसरं यंत्र लागतं, गल्ल्यांच्या टोकाला वळायला मोठी मोकळी जागा लागते, आणि सरळ चालावा म्हणून फरशीत तार पुरावी लागते किंवा दोन्ही बाजूंना रूळ लावावे लागतात. जामला पहिल्या गोदामात तो नको. पण त्यातून अरुंद गल्लीच नको असं निघत नाही. फरशीचा काटेकोरपणा उंचीबरोबर वाढत जातो. सहा-सात मीटरपर्यंत थांबलं तर रीच ट्रकला चांगल्या ठेकेदाराची नीट ओतलेली फरशी पुरते. आणि गल्ली ठरलेली असली, चाकं रोज त्याच दोन पट्ट्यांवरून जाणार असली, तर सगळी फरशी घासायची गरज नसते. चाकांच्या तेवढ्या पट्ट्या मोजून घासता येतात, पुढे जमीन थोडी हलली तर पुन्हा घासता येतात. तुमचा आक्षेप खरा आहे, पण तो उंची किती ठेवायची यावरचा आहे. आधी उंची ठरवा, तिला झेपणारी फरशी ठरवा, गोदामाच्या रुंदीत जोड्या बसवून पाहा, इमारतीचे खांब रॅकच्या आत लपतात का बघा, आणि मग गल्लीला पुरेल ते यंत्र घ्या. मी अरुंद गल्ली म्हणतो ती या क्रमाने आलेली.

साशंक: या क्रमातही एक गोष्ट राहिलीच, माल. इथला मुख्य माल कोणता? रुईच्या गाठी. हिंगणघाटचा कापूस बाजार, आजूबाजूच्या जिनिंग-प्रेसिंग, जामची आणि हिंगणघाटची सूतगिरणी, सगळं कपाशीवर उभं आहे. एक गाठ 170 किलोची. तिला पॅलेट लागत नाही, रॅकही लागत नाही, ती स्वतःच वीट आहे. फोर्कलिफ्टला फोर्कऐवजी दोन बाजूंनी दाबणारा क्लॅम्प लावला की एका वेळी चार-सहा गाठी उचलून थप्पी लागते. व्यवहार लॉटचा होतो, शंभर गाठींचा, म्हणजे 17 टन, जवळजवळ एक ट्रक. जो लॉट आला तो एकत्र ठेवला, एकत्र उचलला. मधल्या एकेका पॅलेटपर्यंत पोचायची सोय म्हणजे रॅक आणि गल्ली. ती सोय या मालाला नकोच असेल तर ती घ्यायची कशाला? आणि हा माल हंगामी. दिवाळीनंतर आवक सुरू होते, जानेवारी-फेब्रुवारीत गोदाम छताला टेकतं, पोळ्याच्या सुमाराला फरशी दिसायला लागते. गर्दीच्या दिवसांत दारात रांग लागते ती उतरवून घेण्याची. तिथे आत किती ओळी बसल्या याला महत्त्व नाही, तासाला किती गाठी आत गेल्या याला आहे. रुंद गल्लीत दोन फोर्कलिफ्ट एकमेकींना वाट देतात. अरुंद गल्लीत एक शिरली की दुसरी बाहेर थांबते.

आग्रही: गाठीबद्दल आजपर्यंत हे बरोबर होतं. पण गाठही बदलते आहे. सूतगिरणी लॉट विकत घेत असली तरी लॉट कातत नाही. प्रत्येक गाठीचा नमुना तपासून तंतूची लांबी, बारीकपणा सांगणारं मायक्रोनेअर, ताकद काढतात आणि वेगवेगळ्या लॉटमधल्या गाठी एकत्र मांडून मिक्सिंग लावतात, म्हणजे महिनाभर सूत एकसारखं निघतं. मागच्या थप्पीतली गाठ हवी असेल तर पुढची थप्पी मोडावी लागते. त्यात वेळ जातो, गाठीवरचं कापड फाटतं, पट्टी सुटते. दुसरं म्हणजे 2020 च्या जागतिक कापूस दिनाला, 7 ऑक्टोबरला, भारतीय कापसासाठी कस्तुरी हे नाव जाहीर झालं, आणि त्यातल्या प्रत्येक गाठीला क्यूआर कोड लागतो. ती कुठल्या जिनिंगमधून आली हे खरेदीदाराला बघता येतं. गाठीला अशी स्वतंत्र ओळख मिळाली की तिच्यापर्यंत स्वतंत्रपणे पोचताही आलं पाहिजे. नाहीतर ओळख कागदावर राहील आणि गाठ थप्पीच्या पोटात. आणि पोळ्याला फरशी दिसते म्हणता, तेव्हाच्या रिकाम्या महिन्यांचं काय? तेव्हा सुताचे कार्टन, चंद्रपूरकडून येणारा कागद, बियाणं, औषधं, घरगुती सामान असा माल महामार्गावरून जातच असतो. तो पॅलेटवर येतो, रोज थोडा थोडा निघतो, आणि आधी आलेला आधी जावा लागतो. त्याला थप्पी चालत नाही.

साशंक: एकाच छताखाली रुई आणि रॅक म्हटलं की मला पहिली आठवते ती आग. रुईची गाठ भडकत नाही, आतल्या आत धुमसते. वरून विझली असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर निघतो. अशी गाठ ओढून उघड्यावर काढावीच लागते, आणि त्या वेळी दोन मीटरच्या गल्लीत, धुरात, कोण शिरणार? उंच रॅक म्हणजे आग वर चढायला तयार चिमणी. छतावरच्या स्प्रिंकलरचं पाणी खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, रॅकच्या आत वेगळे स्प्रिंकलर लागतात, त्यांना टाकी, पंप, सगळं आलं. आगीच्या धास्तीने डिझेल बाद केलं की उरते बॅटरी. रीच ट्रकच्या 48 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत दोन व्होल्टचे 24 सेल असतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. तेव्हा चोवीसही झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघणारा माणूस हवा. चार दिवस चुकलं की प्लेटा उघड्या पडतात. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून चार्जिंगची खोली वेगळी, हवेशीर. आणि रुईचे तंतू? रीच ट्रकची पुढची चाकं लहान, पॉलियुरेथेनची. त्यांच्या आसाभोवती तंतू गुंडाळत जातात, दोरखंड होतो. गाठीवरच्या लोखंडी पट्टीचा तुकडा जमिनीवर पडला असला तर तो चाकात रुततो आणि फेरीफेरीला चाकाची चकती निघते. साध्या फोर्कलिफ्टचं मोठं चाक तोच तुकडा तुडवून जातं. तुमचं यंत्र हुशार आहे, पण त्याला स्वच्छ घर लागतं.

आग्रही: आगीवर वाद नाही. रुई आणि इतर माल एका हवेत ठेवू नये. मध्ये छतापर्यंत भिंत, दोन वेगळे कप्पे, हे पहिल्याच नकाशात हवं. मग रुईच्या कप्प्यात क्लॅम्प लावलेली काउंटरबॅलन्स आणि थप्प्या, मिक्सिंगच्या गाठींसाठी त्यातच थोडी वेगळी मांडणी, आणि रॅकच्या कप्प्यात अरुंद गल्ली. रीच ट्रक रुईत न्यायचाच नाही. बॅटरीचं म्हणाल तर लिथियममध्ये पाणी घालणं नाही, जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास लावली तरी चालते. उन्हाळा तिलाही सोसत नाही हे खरं, म्हणून चार्जिंगची जागा सावलीत, वारा खेळता ठेवावी लागेल आणि उन्हाळ्यात दुपारची चार्जिंग सकाळी-रात्री न्यावी लागेल. स्वच्छतेची अट मात्र मी उणेपणा मानत नाही. जे गोदाम रोज झाडलं जातं त्यात माणूसही बरा राहतो. आणि माणसाकडे येऊ, कारण माझा मुख्य मुद्दा तोच आहे. थप्पी उंच होत जाते तसा हमाल पाठीवर 50 किलोचं पोतं घेऊन फळीवरून वर चढतो. फळी दबते, वरचा थर गुळगुळीत असतो, मे महिन्यात पत्रा डोक्यापासून हातभर असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्येच प्रौढ पुरुषाने एका वेळी 55 किलोपेक्षा जास्त उचलू नये अशी शिफारस केली. आपल्याकडे पोत्याचं वजन कमी व्हावं म्हणून बाबा आढाव आणि हमाल पंचायत वर्षानुवर्षं भांडली. फळीवरची ती चढण संपवणारं यंत्र असेल तर ते मला हवं आहे.

साशंक: ती चढण संपावी असं मलाही वाटतं. पण ती संपवताना नेमकं काय संपतं ते बघा. जामला येणाऱ्या ट्रकांपैकी पॅलेटवर माल घेऊन किती येतात? पोती सुटी येतात, कार्टन सुटे येतात. ट्रकच्या डाल्यातून पॅलेटवर रचायचं काम माणसाच्याच पाठीवर राहतं, वर ते घाईचं होतं, कारण रीच ट्रक वाट बघत असतो. यंत्र काढून घेतं ते वरची चढण आणि आतली वाहतूक. दहाच्या टोळीतली सहा माणसं कमी होतात आणि उरलेल्या चौघांकडे उतरवणं राहतं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्याने हमालाला मंडळात नोंद दिली, मजुरी मंडळामार्फत दिली, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा दिली. पण ते सगळं मोजलं जातं उचललेल्या वजनावर. वजन यंत्राने उचललं तर त्या नोंदीला काय अर्थ उरतो? आणि अरुंद गल्लीत पायी माणसाला मज्जावच असतो, तो असलाच पाहिजे. म्हणजे ज्या गोदामात तो तीस वर्षं वावरला तिथे त्याला पिवळ्या रेषेच्या बाहेर उभं राहावं लागेल.

आग्रही: म्हणूनच यंत्र निवडतानाच चालवणारा कोण हे ठरवावं असं मी म्हणतो. साधी फोर्कलिफ्ट चालवणारे तरुण बुटीबोरीला, मिहानला तयार मिळतात. पण मास्ट उंच गेल्यावर पॅलेट कशी डोलते, भिजलेलं पोतं कुठल्या बाजूला सुटतं, थर कुठे बसका होतो, हे टोळीतल्या माणसाला ठाऊक असतं. त्याला ऑपरेटर करा. यंत्राच्या पाटीवर किती उंचीला किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं. खाली दीड टन उचलणारं यंत्र पूर्ण उंचीवर तेवढं उचलत नाही. ते त्याला मराठीत लिहून द्या, समजावून द्या. आणि उतरवण्याच्या कामासाठी रॅम्पच्या उंचीचा डॉक, ट्रकच्या डाल्यापर्यंत जाणारा पट्टा, हातगाडी, हेही त्याच अंदाजपत्रकात धरा. माझी हरकत एवढीच आहे की रुंद गल्ली ठेवल्याने हमालाचं काम वाचतं असं आपण स्वतःला सांगू नये. साधी फोर्कलिफ्टही तीच सहा माणसं कमी करते.

साशंक: हे खरं आहे, आणि ते मी आतापर्यंत बाजूला ठेवलं होतं. मग आपल्या दोघांतला फरक नेमका कुठे उरतो ते बघू. रुईला थप्पी आणि क्लॅम्प, यावर आपण एक आहोत. टरेट ट्रक नको, यावरही. रॅकच्या कप्प्यात रीच ट्रक की आर्टिक्युलेटेड हा प्रश्न बराच लहान आहे. आर्टिक्युलेटेड आवारात जाते, तिला दुसरी जोडीदार लागत नाही, दोन ओळी जास्त देते. रीच ट्रकला आवारात दुसरं यंत्र लागतं, पण तो चालवायला शिकणं सोपं आणि त्याचे सुटे भाग लवकर मिळतात. एकच यंत्र घेऊ शकणाऱ्याने आर्टिक्युलेटेडचा विचार करावा, दोन घेऊ शकणाऱ्याने रीच ट्रक आणि साधी फोर्कलिफ्ट घ्यावी. यंत्र बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करणारा नागपूरला आहे का, हे मात्र दोघांनीही खरेदीआधी विचारावं. पण यंत्र सात-आठ वर्षांत बदलतंच. चूक झाली तर विकता येतं. फरशी आणि खांब बदलत नाहीत. माझी सगळी शंका यंत्रापेक्षा त्यांच्यावर आहे. आज मी उंच रॅकसाठी काटेकोर फरशी घातली आणि पॅलेटवरचा माल आलाच नाही, तर त्या अचूकतेचे पैसे मी काळ्या मातीत घातले.

आग्रही: आणि मी तेच उलट बाजूने बघतो. आज साधी फरशी घातली आणि पाच वर्षांत माल आला, तर ती फरशी उखडून पुन्हा घालता येणार नाही, कारण तोवर गोदाम भरलेलं असेल. सिंदी रेल्वेला मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क होतो आहे, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे. माल येईल असं मला वाटतं. पण तो जामच्या चौकात थांबेल की सिंदीला उतरून पुढे जाईल, याची खात्री मी देऊ शकत नाही. म्हणजे यंत्राच्या निवडीपाशी येऊन आपण दोघेही एका अंदाजावर उभे आहोत.

साशंक: मग निदान तो अंदाज आहे हे उघड लिहू. कोटेशन मागवण्याआधी एका कागदावर लिहायचं: वर्षातून किती महिने, किती पॅलेट, रोज किती आत-बाहेर, किती उंची. आणि खाली लिहायचं की हा अंदाज चुकला तर तोटा कोण सोसेल. रुंद गल्लीचा तोटा दर महिन्याच्या भाड्यात थोडा थोडा जातो, मालक तो सोसू शकतो. अरुंद गल्लीचा तोटा एकदम आणि सुरुवातीलाच असतो, तो कर्जावर बसतो. शेतकऱ्यांच्या कंपनीने किंवा सहकारी संस्थेने गोदाम बांधलं तर तो सभासदांवर बसतो. सभासद तो सोसायला तयार आहेत का, हे फोर्कलिफ्टवाला सांगू शकत नाही, मीही नाही.

आग्रही: मान्य. पण त्या कागदावर आणखी एक ओळ हवी. गल्ली रुंद ठेवली म्हणून जी चार ओळींची जागा गेली, तिच्यासाठी पुढे दुसरं गोदाम बांधावं लागलं, तर ते कुणाच्या शेतावर बांधणार, तेही लिहायचं. तुमचा तोटा आकड्यात येतो, हा येत नाही. दोन्ही एका तराजूत कसे घालायचे, ते मलाही अजून सुटलेलं नाही.